मृत्युपत्रात नुसतं विद्यापीठाचं नाव पुरत नाही
वर विचारलंय, विद्यापीठाला मृत्युपत्रातून देणगी द्यायची तर नुसतं नाव लिहून भागेल का? नाही भागत. साताऱ्यात माझ्या आत्यानं ‘माझ्या कॉलेजला दोन लाख’ एवढंच लिहिलं. पैसे कॉलेजला द्यायचे की ते चालवणाऱ्या संस्थेला, यातच आमचं वर्ष गेलं. तिला मुलींसाठी शिष्यवृत्ती हवी होती, ते तर कागदावर आलंच नाही. याची हळहळ अजून वाटते. म्हणून नोंदणीकृत नाव, पत्ता, रक्कम आणि हेतू स्पष्ट लिहा. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. शेतजमीन द्यायची असेल तर आधी वकिलाला विचारा.