मदत हवी आहे : आर्क्टिक क्रूझ, व्हिसा सिंगल एन्ट्री आलाय, चालेल का? (अर्जंट)

भाट्ये८१
नमस्कार मंडळी, दोन दिवस शोधतेय पण नीट उत्तर कुठेच मिळत नाहीये म्हणून शेवटी इथे विचारते. जुलैमध्ये बाबांना घेऊन आर्क्टिकच्या क्रूझला चाललेय. काल पासपोर्ट हातात आले, दोघांचेही व्हिसे सिंगल एन्ट्री आहेत. एजंट म्हणतो काही होत नाही, एकाच देशात तर जाताय. पण क्रूझवाल्यांच्या मेलमध्ये डबल एन्ट्री असं काहीतरी वाचल्यासारखं आठवतंय आणि आता तो मेल सापडत नाहीये. चालेल की नाही एवढंच सांगा. आणि बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या रबरी बोटीत चढ-उतार जमेल का? पैसे सगळे भरून झालेत. प्लीज लवकर सांगा.

पायवाट
आर्क्टिक म्हणजे नक्की कुठे? अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड, नॉर्वे सगळंच आर्क्टिक. व्हिसा कोणत्या देशाचा? बोट कुठून सुटते, कुठे सोडते? यातलं काहीच नाही पोस्टमध्ये.

सुमा_काकू
अगं आम्ही २०१९ ला अलास्काला गेलो होतो, मोठी बोट, लिफ्ट होती, जेवायला रोज वरण-भातासारखं काहीतरी मिळायचं. ह्यांचे दोन्ही गुडघे दुखतात तरी काही त्रास झाला नाही. बाबांना तिकडेच ने, त्या रबरी बोटींच्या भानगडीत कशाला पडतेस.

भाट्ये८१
काकू, बुकिंग झालंय, आता बदलता येणार नाही. @पायवाट, नॉर्वेची स्वालबार्ड बेटं. लाँगइयरब्येनहून बोट सुटते आणि परत तिथेच येते, ८ रात्री.

कांचनमृग
मग टेन्शनच नको! स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही. १९२० च्या करारात आपलंही नाव आहे, तेव्हा ब्रिटिश राज होतं म्हणून आपण त्यात आलो. कुठल्याही देशाचा माणूस तिथे जाऊ शकतो, राहू शकतो. सिंगल असो नाहीतर डबल, काही फरक पडत नाही. निवांत झोपा.

ओस्लोकर
थांबा थांबा, असं अर्धवट सांगू नका हो, कोणीतरी विमानतळावर अडकेल. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे बरोबर. पण स्वालबार्ड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) नाही, आणि तिथे जायचं विमान मिळतं ओस्लो किंवा ट्रॉम्सोहून, म्हणजे शेंगेनमधून. भारतातून ओस्लोला उतरलात की पहिली एन्ट्री. ओस्लोहून लाँगइयरब्येनच्या विमानात बसताना बाहेर पडल्याची नोंद. परत ओस्लोला आलात की दुसरी एन्ट्री. सिंगलवाल्याची एन्ट्री जातानाच संपली, येताना तो शेंगेनच्या दारात उभा. यूडीआयच्या (नॉर्वेचं इमिग्रेशन खातं) साइटवर स्पष्ट लिहिलंय की डबल एन्ट्री घ्या. मी १४ वर्षं इथे आहे, दर उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा असा फोन येतोच.

ताई, स्टिकरवर 'नंबर ऑफ एन्ट्रीज' च्या खाली काय छापलंय? ०१, ०२ की मल्ट (म्हणजे मल्टिपल, कितीही वेळा)?

कांचनमृग
पण ओस्लोला विमानतळाबाहेर पडलंच नाही तर? लाँगइयरब्येनहून आले की तिथल्या तिथे दुबईच्या विमानात बसायचं. मग एन्ट्री कुठली.

ओस्लोकर
सगळं एकाच तिकिटावर आणि बॅगा थेट मुंबईपर्यंत असत्या तर निदान विचारून तरी बघता आलं असतं. वेगळी तिकिटं असली की बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर येणं म्हणजेच एन्ट्री. म्हणून विचारतोय, तिकिटं कशी काढलीत आणि ओस्लोला मुक्काम आहे का?

भाट्ये८१
०१ छापलंय. तिकिटं वेगवेगळी, मुंबई-दुबई-ओस्लो एक आणि ओस्लो-लाँगइयरब्येन वेगळं. येताना ओस्लोला दोन रात्री हॉटेल आहे, बाबांना फ्राम ते जहाज बघायचंय. म्हणजे आता काय करायचं??

ओस्लोकर
नवीन अर्ज. दुसरा मार्ग नाही, छापलेल्या ०१ चं कोणी ०२ करून देत नाही. आधी एजंटने भरलेल्या फॉर्मची कॉपी मागा आणि एन्ट्रीच्या रकान्यात काय टिक केलंय ते बघा. नव्या अर्जाला एक पानी पत्र जोडा: अमुक तारखेला ओस्लोत प्रवेश, अमुक तारखेला स्वालबार्ड, अमुक तारखेला पुन्हा ओस्लो, सोबत क्रूझचं कन्फर्मेशन. नेहमीची मुदत १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. निघताय कधी?

भाट्ये८१
७ जुलै. आज १६ मे. फॉर्म मागवला आत्ता. सिंगलवर टिक आहे. सही माझीच आहे, त्याने पुढे केला आणि मी न वाचता केली. सोमवारी अपॉइंटमेंट बघते.

फोटोवेडा
स्वालबार्ड!! माझं स्वप्न आहे ते. १००-४०० ची लेन्स भाड्याने घ्याच, आणि ड्रोन नेलात तर ग्लेशियरचे असले शॉट मिळतील ना. नॉर्दर्न लाइट्ससाठी ट्रायपॉड पण न्या.

पायवाट
जुलैमध्ये नॉर्दर्न लाइट्स? तिथे २० एप्रिलच्या आसपास सूर्य मावळायचा बंद होतो तो २३ ऑगस्टपर्यंत. रात्रच नाही तर लाइट्स दिसणार कुठे? ड्रोन तर घरीच ठेवा. जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात बंदी आहे, आणि या बोटी फिरतात ते बहुतेक सगळं संरक्षितच. अस्वलापासूनचं अंतर पण ठरवून दिलंय, ३० जूनपर्यंत ५०० मीटर, त्यानंतर ३००. म्हणजे लेन्सचा सल्ला मात्र बरोबर आहे.

हिरवीगार
एक बोलू का, राग मानू नका. जिथला बर्फ वितळतोय म्हणून आपण ओरडतो तिथेच डिझेल जाळत बोटी न्यायच्या हे मला पटत नाही. आपण जाऊन काय करणार आहोत तिथे?

पायवाट
मुद्दा चुकीचा नाही, पण या धाग्यावर तो कशाला? आणि तिथे नियम कडक होताहेत. जड इंधन तेलाला २०२२ पासून स्वालबार्डच्या सगळ्या समुद्रात बंदी आहे. २०२५ पासून संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेली बोट चालत नाही आणि उतरता येतं ते ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच. सुमा काकूंची ती अलास्कावाली बोट तिथे गेलीच नसती.

हिरवीगार
२०० माणसं म्हणजे कमी झाली का?

सुमा_काकू
आमच्या बोटीला नावं ठेवू नका हो.

तांबडफुटी
गुडघ्याचं कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी ७४ वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा अनुभवाचं सांगतोय. आधी हे सांगा: ऑपरेशन कसलं? बदललाय की नुसती दुर्बीण घालून साफ केलाय? किती महिने झाले? उजवा की डावा? जिना चढताना कठडा लागतो का? क्रूझवाल्यांचा मेडिकल फॉर्म भरलात का, आणि त्यात हे लिहिलंय का?

भाट्ये८१
पूर्ण बदललाय, उजवा, १४ महिने झाले. कठडा उतरताना लागतो, चढताना नाही. वय ७१. फॉर्ममध्ये लिहिलंय, त्यांनी डॉक्टरांचं पत्र मागवलं होतं, ते दिलंय.

तांबडफुटी
मग जमेल असं मला वाटतं, पण त्यांच्या सर्जनला विचारूनच. झोडियाकमध्ये, म्हणजे त्या रबरी बोटीत, एका वेळी साधारण १० जण बसतात. जहाजाच्या शिडीवरून उतरलं की खाली खलाशी उभा असतो, त्याचा हात हातात धरायचा नाही, एकमेकांचं मनगटाच्या वरचं कोपरापर्यंतचं पकडायचं. ओला हात निसटतो, ही पकड निसटत नाही. मग एक पाय बोटीच्या फुग्यावर, एक आत, की लगेच खाली बसायचं. किनाऱ्यावर फुग्यावरून सरकत पुढे यायचं, दोन्ही पाय बाहेर फिरवायचे आणि उतरायचं. पाणी घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत असतं आणि खाली गोटे. सासऱ्यांना इथेच काठीचा उपयोग झाला. गाईड आधी उतरून अस्वल कुठे नाही ना बघतात, बंदुका घेऊन चारी बाजूंना उभे राहतात, मग आपल्याला सोडतात. चालायचे गट वेगवेगळे असतात, सर्वात सोपा निवडायचा. आणि नुसती बोटीतून फेरी असते ती मुळीच चुकवू नका, उतरायला लागत नाही आणि बर्फाच्या सगळ्यात जवळ तीच नेते.

गमबूट बहुतेक बोटी देतात, माप आधी कळवा. इन्शुरन्समध्ये समुद्रावरून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च आहे का बघा. लाँगइयरब्येनचं हॉस्पिटल छोटं आहे, मोठं काही झालं तर ट्रॉम्सोला नेतात.

सह्यवारा
डिकॅथलॉनमधून बुटांखाली लावायचे काटे घ्या. मी त्याशिवाय बर्फात पाऊल टाकत नाही.

तांबडफुटी
जुलैत किनाऱ्यावर शेवाळ, चिखल आणि दगड असतात हो, काटे काय करायचेत. उलट तिथे बुटाच्या खाचेतली माती, कपड्यांच्या वेल्क्रोत अडकलेली बी साफ करून मगच उतरू देतात, बाहेरचं गवत तिथे रुजू नये म्हणून.

फोटोवेडा
ताई, सहज विचारतो, एवढ्या लांब बाबांना स्वालबार्डलाच का? युरोप वगैरे सोपं नसतं का पडलं?

भाट्ये८१
बाबा ३१ वर्षं मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात होते. मच्छीमारांना लाद्या द्यायच्या, पहाटे तीनला ट्रक लागायचे. आम्ही लहान असताना त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा अमोनियाचा वास नाकात बसायचा तो घरी येईपर्यंत जायचा नाही. लादी साच्याच्या डब्यातून सुटून लाकडी फळ्यांवरून घसरत यायची, तेव्हा ते तिच्यावर बोटाने टिचकी मारून बघायचे. म्हणायचे, कडेने काच आहे पण पोट पांढरं आहे, पोटातही काच असलेली लादी कधी निघाली तर मला बोलवा. रिटायर झाल्यावर टीव्हीवर निळा बर्फ बघितला आणि तेव्हापासून एकच, हा बर्फ निळा का, आतून पण निळा आहे का. मला बाकी काही माहीत नाही, मला त्यांना तो हातात द्यायचाय.

दगडधोंडा
वाचनमात्र असतो इथे, पण हे वाचून राहवलं नाही. बाबांना सांगा, त्यांच्या लादीचं पोट पांढरं का होतं आणि ग्लेशियर निळा का असतो, उत्तर जवळजवळ एकच आहे. डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत येतं आणि गोठताना पाण्यात विरघळलेली हवा नि क्षार पुढे ढकलत नेतं, शेवटी ते सगळं मधे कोंडतं, ते पांढरं पोट. ग्लेशियर पाणी गोठून होतच नाही. बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा, त्यावर पुढचा, वजनाने दाबत दाबत हवा निघून जाते, उरते ती बारीक बुडबुड्यांत दाबलेली. असल्या घट्ट बर्फात उजेड खोल जातो, त्यातला तांबडा शोषला जातो, निळा उरतो. पण हातात घेतलेला तुकडा निळा दिसणार नाही, काचेसारखा दिसेल. पोटातही काच. तो तुकडा कपात घालून कानाशी धरा, चटचट आवाज येतो, दाबून ठेवलेली हवा सुटते ती.

आणि त्यांना एक कोडं घाला. कारखान्याच्या टाकीतलं, साच्याचे डबे ज्यात बुडवतात ते मिठाचं पाणी उणे दहाला पण गोठत नाही, मग समुद्र कसा गोठतो?

भाट्ये८१
फोनवर विचारलं. एक मिनिट गप्प होते, मग म्हणाले टाकीत आम्ही मीठ पोत्यांनी ओतायचो, समुद्रात तेवढं कुठे असतं.

दगडधोंडा
अगदी बरोबर! समुद्र साधारण उणे १.८ ला गोठतो. आणि गोठताना तोही मीठ बाहेर टाकतो, त्यांच्या डब्यासारखाच. बोटीवरच्या गाईडला हे त्यांना स्वतःला सांगू द्या, मधे भाषांतर तुम्ही करा.

कांचनमृग
न्यू ऑलेसुंड या गावाला थांबा आहे का रूटमध्ये? आपलं, भारताचं, हिमाद्री संशोधन केंद्र तिथे आहे, २००८ पासून. माझं व्हिसाचं चुकलं, मान्य, पण हे नक्की बघा.

ओस्लोकर
आत जाऊ देत नाहीत, बाहेरून फोटो मिळतो. गाव लागायच्या आधीच मोबाईलचं वायफाय-ब्लूटूथ बंद करायला सांगतात, तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो. ध्रुवशोधक आमुंडसेनने १९२६ मध्ये हवेत उडणारं फुगवलेलं जहाज ज्याला बांधून ठेवलं होतं तो खांब अजून उभा आहे, बाबांना गावातून तिथपर्यंत चालवेल. ताई, अर्जाचं काय झालं?

भाट्ये८१
(२१ जून) उशिरा लिहितेय, सॉरी. २२ मे ला दोघांचे अर्ज नव्याने दिले, एजंट न घेता, @ओस्लोकर यांनी सांगितलं तसं तारखांचं पत्र जोडून. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं की चालू व्हिसा असताना परत का, पत्रावरच्या दोन एन्ट्रींवर बोट ठेवून दाखवलं. काल पासपोर्ट आले. ०१ च्या जागी मल्ट आहे, दोघांच्याही. दादा, तुमचे उपकार आहेत.

सर्जननी हो म्हटलंय, फक्त मांडी घालून बसायचं नाही. बाबा गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी जेट्टीवर जातात, ओळखीच्या एकाच्या होडीत चढतात आणि उतरतात. ओहोटी असली की पायरी लांब पडते म्हणून मुद्दाम ओहोटीला जातात. पकड पण शिकवलीय त्या होडीवाल्याला. परवा त्याने जुन्या सवयीने पंजा पुढे केला तर बाबांनी हात मागे घेतला, म्हणाले मनगटाच्या वर धर.

@तांबडफुटी, गमबुटाचं माप जाड मोजे घालून द्यायचं की साधे?

तांबडफुटी
जाड. दोन जोड घालून मोजा.

नवाप्रवासी
मला पण मदत हवी आहे. आमचा पण सिंगलच आलाय पण आम्ही आइसलंडहून बोटीने ग्रीनलंडला जाऊन परत आइसलंडला येणार, तर चालेल ना? पुढच्या आठवड्यात निघतोय.

ओस्लोकर
ग्रीनलंड पण शेंगेनच्या बाहेर आहे. आणि तिथे तर व्हिसावर 'ग्रीनलंडसाठी वैध' असं वेगळं छापून लागतं, ते डेन्मार्ककडून घ्यावं लागतं. व्हिसा कोणी दिलाय, त्यावर काय काय छापलंय, तिकिटं कशी आहेत, सगळं लिहून आत्ताच्या आत्ता नवीन धागा काढा.