पूररेषेत भराव टाकायला नियमच शिकवतो, तो आधी बदला

शुक्रवारपेठकर

पंचगंगा नदी चढायला लागली की आपण कोल्हापूरकर फुटात बोलतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ झाली की इशारा, ४३ झाली की धोका, आणि गायकवाड वाड्याजवळ रस्त्यावर आली की गाडी लांबनं फिरवायची. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या. पोराटोरांनासुद्धा हे आकडे पाठ आहेत. पण बांधकामाच्या नियमावलीत एक वाक्य आहे, ते मात्र कुणी वाचलेलं दिसत नाही.

नदीपासून निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, नवीन बांधकाम नाही. बाग, पार्किंग, उघडा भाजी बाजार असलं चालतं. निळ्यापासून लाल रेषेपर्यंत, म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराच्या हद्दीत, बांधता येतं. अट एकच, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. म्हणजे दीड फूट. २०२० च्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत हे आहे. निळ्याच्या आतलं जुनं अधिकृत घर पाडून बांधायचं झालं तरी हीच उंची, वर पाटबंधारेचा दाखला.

कागदावर शहाणपणाचं वाटतं. साईटवर काय होतं बघा. जमीन लाल पातळीच्या साडेसहा फूट खाली असेल तर जोतं आठ फूट उचलायला लागतं. खांबांवर उचललं तर खर्च जास्त, म्हणून अख्ख्या प्लॉटभर मुरूम. पाच गुंठे, आठ फूट, म्हणजे ४३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तीन ब्रासचा डंपर धरला तर १४५ खेपा. तेवढी जागा कालपर्यंत पाण्याची होती. आता ते पाणी शेजाऱ्याकडं जाणार, आणि शेजारी म्हणजे मी.

२००५ ला आमच्याकडं पाणी आलं ते मागच्या पडक्या जागेतनं ओसरून गेलं. पुढं ती जागा भरली, वर कंपाऊंड झालं. २०२१ ला नदी उतरली, समोरची गल्ली धुऊन झाली, तरी आमच्या परड्यात गुडघाभर पाणी. ते इंजिन लावून उपसलं.

शहराची नवी विकास योजना रखडत का होईना चालली आहे. उंचीची अट ठेवा, पण तिच्यापुढं एक ओळ घाला: भराव नको, तळ मोकळा, घर खांबांवर, खालनं पाणी वाहिलं पाहिजे.

पाच_गुंठे

दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण ते माझ्या डोक्यावर ठेवू नका. लेआउट मंजूर, बिनशेती झालेली, बँकेनं कर्ज दिलेलं. कुठल्या कार्यालयाचे शिक्के ते इथं लिहीत नाही, पण चार आहेत. तेव्हा कुणी रेषा दाखवली नाही. २०१९ नंतर एक दिवस कळलं की माझा प्लॉट निळ्या आणि लालच्या मध्ये. दर पडला, गिऱ्हाईक येत नाही. आता तुम्ही म्हणताय खांबांवर बांधा. आठ फूट खांब, वर घर, त्याचा जादा खर्च कोण देणार?

आणि जागा सोडून दे म्हणणाऱ्यांसाठी: आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. २०१९ ला बोटी कुठं लावायला लागल्या? जुन्याच गावात. शेत, गोठा, देऊळ एका जागी आणि घर दुसऱ्या जागी ठेवून माणूस राहत नाही. सरकारला चाळीस गावांत जमलं नाही ते तुम्ही माझ्या पाच गुंठ्यांत जमवायला निघालाय.

(चाळीस हा शब्द रागाचा आहे, मोजू नका.)

साईटवरचा

मी हीच कामं करतो, त्यामुळं दोघांनाही टोचणार.

पेठकर, तुमच्या ४३५ ब्रासचं पाणी होतं साधारण सव्वाबारा लाख लिटर. बारा हजारी शंभर टँकर. ऐकायला मोठं, पण पंचगंगा पुरात शिवारभर पसरलेली असते, एका प्लॉटनं तिची पातळी केसभर हलत नाही. पाणी अडवतात ते आडवे बांध. शिरोलीजवळचा महामार्ग बघा. पूरक्षेत्रातनं भरावावर नेलाय, आणि २०१९, २०२१ दोन्ही वेळा तोच पाण्याखाली बंद. रत्नागिरी रस्त्याला केर्लीकडंही तेच रडगाणं. तिथं रस्त्याखालच्या मोऱ्या वाढवा, पिलर घाला, मग माझ्या गिऱ्हाइकाचा मुरूम मोजायला या.

दुसरं म्हणजे शाहूपुरीला, व्हीनस कॉर्नरला नदी कुठं आहे? तिथं जयंती नाला उलटा येतो. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर जायचं बंद होतं आणि नदीच नाल्यातनं शहरात शिरते. तुमची ओळ नदीकाठी घालून शाहूपुरी कोरडी होणार नाही.

आणि हो, नुसत्या नियमावलीवर किती दिवस भागवायचं? केंद्रानं पूरमैदानाचा नमुना कायदा राज्यांना १९७५ ला पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंडनं केला. आपल्याकडं अजून नाही.

बावडेकर

सगळं खरं. पण कर्नाटकातलं अलमट्टी धरण? त्याची उंची ५१९ मीटरवरनं ५२४ ला न्यायची चाललीय आणि तुम्ही इथं जोतं मोजताय. आधी तिकडं बोला.

शुक्रवारपेठकर

बावडेकर, उंची वाढवायला माझाही विरोध आहे, मोर्चाला होतोच. पण २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष अलमट्टीच्या माथी मारला नाही, पाऊस आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलं. पटो न पटो, अलमट्टी आपल्या महापालिकेच्या हातात नाही, जोतं आहे. जे हातात आहे त्यावर बोललं की लगेच कर्नाटकाकडं बोट दाखवायचं, ही आपली जुनी सवय.

साईटवरचे, एका प्लॉटनं नदी चढत नाही हे कबूल. पण प्लॉट एकटा कधी भरतो? एकानं भरला की शेजारचा म्हणतो माझ्याकडं तळं होणार, तोही भरतो. दहा जण ओळीनं भरले की तुमचा आडवा बांधच झाला की. फक्त त्याला टेंडर नसतं.

नाल्याचं मात्र तुमचं शंभर टक्के. २०१९ ला आमच्यात पाणी दारातनं आलंच नाही, मोरीतनं आलं. पहाटे मोरीच्या जाळीतनं बुडबुडे, वास, मग काळं पाणी. आम्ही उंबऱ्याला पोती लावून बसलोय आणि मागनं न्हाणीघर भरलंय. ड्रेनेजला उलटं पाणी अडवणारी झडप बसवायची सक्ती पूररेषेतल्या घरांना करा, हे माझ्या मागणीत घालतो.

कुंभारगल्ली

तुम्ही सगळे घराचं बोलताय. आमचं घर म्हणजेच कारखाना. पूर येतो जुलै-ऑगस्टला, म्हणजे गणपती निम्मे रंगलेले असतात त्या वेळेला. २०१९ ला रात्रीत जेवढ्या मूर्ती हलल्या तेवढ्या हलल्या, खालच्या ओळीतल्या शाडूच्या परत चिखलच झाल्या. हात लावला की हातात माती.

आता खांबांवर घर म्हणताय. शाडूची पोती, ओल्या मूर्ती, पाच फुटी मंडळाचा गणपती, हे आठ फूट जिन्यानं चढवायचं? गिऱ्हाईक वर येणार? आमचा धंदा जमिनीवरचाच आहे. गवंडी, सुतार, गॅरेजवाला, सगळ्यांचं तेच. नियम करायचा तर त्यात आमच्यासाठी पावसाळ्याचे तीन महिने उंचावरची जागा लिहा. सरकारी शेड, हॉल, काय असेल ते. दर वर्षी ऐन वेळी शोधाशोध करायला लागू नये. रेषा लाल ओढा नाहीतर जांभळी.

तिसऱ्या_मजल्यावरची

पेठकर काका, खांबांवरच्या घराचा अनुभव आम्हाला आहे, ऐका. आमची बिल्डिंग खांबांवरच होती. पहिली दोन वर्षं खाली पार्किंग. मग एका कोपऱ्यात वॉचमनची खोली, मग जिन्याखाली स्टोअर, मग रस्त्याच्या बाजूला शटर लावून दुकान. २०२१ ला पाणी आलं तेव्हा तुम्ही म्हणता तो मोकळा तळ राहिला होता फक्त नकाशात. त्यामुळं नियमात नुसती ओळ घालून होत नाही, दर मे महिन्यात कुणीतरी येऊन बघायला पाहिजे.

आणि आम्ही कोरडे होतो, पण चार दिवस अडकलो होतो. मीटर खाली, लिफ्टची मोटार खाली, लाइट गेली की पाणी वर चढत नाही. सासऱ्यांच्या गोळ्या संपल्या तेव्हा बोटवाल्या पोरांनी दोरीला पिशवी बांधून वर दिल्या. घर दीड फूट वर असून काय करायचं, बाहेर पडायला रस्ता बुडलेला असेल तर? मंजुरी देताना निदान मीटर आणि मोटार वर घ्यायला लावा.

घेताना आम्हाला कुणी रेषा सांगितली नव्हती. १०० वर्षांतून एकदा म्हटलं की माणूस निवांत होतो. हिशेब केला तर २० वर्षांच्या कर्जात तो पूर एकदा तरी बघायची शक्यता १८ टक्के निघते. निळ्या रेषेला निम्म्याहून जास्त. हा आकडा खरेदीखताच्या पहिल्या पानावर पाहिजे. आम्ही तरीही घेतलं असतं का? बहुतेक घेतलं असतं, पण पाच लाखांनी कमी करून.

पाच_गुंठे

ताईंचं पटलं. मला २००८ ला तो आकडा दाखवला असता तर मीही घासाघीस केली असती.

पेठकर दादा, माझं एवढंच, नवीन लेआउटला तुमची ओळ लावा, आजच लावा. पण ज्यांना जुनी मंजुरी आहे त्यांना खांबांचा जादा खर्च घरफाळ्यात वळता करून द्या, नाहीतर बांधकाम विकास शुल्क माफ करा. टीडीआर, म्हणजे दुसरीकडं बांधायचा किंवा विकायचा हक्क, दाखवू नका. तो कागद घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहू?

शुक्रवारपेठकर

घरफाळ्याचं मान्य. विकास शुल्क माफ केलं तर महापालिका आधी रडणार, पण मागून बघू. हरकती मागवल्या की तुम्ही-आम्ही एकाच कागदावर सह्या करू. तुमचा प्लॉट एकदा बघायला येतो, पाणी कुठनं येतं आणि कुठं जातं ते जागेवर कळेल.

पाच_गुंठे

रविवारी या. पत्ता कशाला, मुरमाच्या डंपरमागनं या, माझ्या शेजाऱ्याकडंच चाललेत.