होळी झाली, मोगरा आला! फुलबाजाराच्या उन्हाळ्याच्या आठवणी लिहा (अनुभव धागा)

परळची पोर
रात्रपाळी संपवून पहाटे दादरला उतरले. केशवसुत पुलाखालून जाताना पाय आपोआप थांबले. परवापरवापर्यंत जिथे शेवंतीचे ढीग होते, तिथे ओल्या फडक्याखाली मोगऱ्याच्या कळ्या! शेवंती आहे अजून, पण कडेला सरकलीय आणि हात लावला की पाकळ्या गळतात. अ‍ॅस्टरही उतरलाय. सोनचाफ्याच्या पुड्या दिसल्या. आणि काट्यावर कळ्या ओतल्या की बारीक सरसर आवाज येतो ना, तो ऐकला आणि आई डोळ्यांपुढे आली.

82 च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पुन्हा सुरू झालीच नाही. आईने गजऱ्यांचं काम धरलं. दादरहून वजनावर कळ्या यायच्या, संध्याकाळी गजरे मोजून परत द्यायचे. मार्चपासून जूनपर्यंत आमच्या चाळीच्या गॅलरीत सगळ्या बायका मांडी घालून ओवायला बसलेल्या. कळी चारच्या पुढे सुटायला लागते, त्याआधी हात उरकायचे. आम्ही पोरं देठ सारखे करून कळ्यांच्या ओळी लावून द्यायचो. केसात एकही माळायची परवानगी नव्हती, सगळा हिशेबाचा माल. देठ तुटलेल्या कळ्या मात्र आमच्या. त्या मी उशीखाली ठेवायचे.

त्या कळ्यांवर आमच्या घराचे उन्हाळे निघाले. आज एक गजरा विकत घेतला, आईच्या फोटोला घातला. तुमच्याही आठवणी असतील तर लिहा. मोगराच पाहिजे असं नाही, या दिवसांतलं कुठलंही फूल चालेल.

वाडीवाला
ताई, तुम्ही ओवत होतात ती फुलं कदाचित आमच्याकडचीच. आगाशी. आमची वाडी छोटी. मोगरा, तगर, जास्वंद आणि कडेने सोनचाफा. आजी तीनला उठायची, बॅटरी तोंडात धरून कळ्या खुडायची कारण दोन्ही हात लागतात. मग टोपलीत केळीचं पान, त्यावर कळ्या, वर ओलं फडकं आणि विरारहून पहिल्या गाडीचा मालडबा. डब्यात सगळ्या फुलवाल्या आणि भाजीवाल्या, जागा ठरलेल्या. उशीर झाला तर दुसऱ्या गाडीला भाव पडलेला असायचा, म्हणून धावतपळत.
आता वाडीच्या निम्म्यात बिल्डिंग आहे. चाफा ठेवलाय, तो काढू दिला नाही मी.

निवांत दुपार
वास आला इथपर्यंत 🌼

मंडईजवळ
पुण्यात अजून घोळ चालू आहे बघा. मंडईबाहेर पांढरे गजरे दिसले म्हणून लेकीला सांगितलं घेऊन ये, तर तिने आणला कागडा. थंडीत मोगरा नसतो तेव्हा कागड्याचेच गजरे असतात, त्याला काही हरकत नाही, दिसतो सुंदर. पण मोगऱ्याची वाट बघत असताना कागडा हातात आला की जीव हिरमुसतो.

निवांत दुपार
ओळखायचा कसा? मला दोन्ही सारखेच दिसतात

मंडईजवळ
कळी बघायची. कागड्याची कळी बारीक, लांबट, टोकाला निमुळती. मोगऱ्याची गोल, टपोरी. आणि सरळ नाकाला लावायचं. कागड्याला वास जवळजवळ नाहीच. बटमोगरा एकदा हातात घेतलात की पुन्हा विचारावं लागणार नाही.
(कुकरची शिट्टी झाली, उरलेलं नंतर लिहिते. दगडूशेठला मोगऱ्याची आरास असते त्याबद्दल लिहायचंय.)

वेंगुर्लेकर
मोगरा मोगरा काय, आमच्याकडे या दिवसांत राज्य सुरंगीचं! आसोली, आरवली, शिरोडा या पट्ट्यात मार्चमध्ये नुसतं रस्त्याने गेलात तरी कळतं झाड कुठे आहे. फांदीला चिकटून कळ्यांचे घोसच्या घोस असतात. त्या उमलायच्या आत काढायच्या. ऊन लागलं की कळी फुटते, मग वळेसर (सुरंगीचे गजरे) करायला उपयोगाची राहत नाही. म्हणून बाबा आणि काका अंधारात झाडावर, खाली आई आणि आत्या साड्या पसरून. आई ओरडायची, "ऊन चढूच्या आदी कळे खाली येवक व्हये!" झाडावर मधमाश्या आणि मुंग्या, दोन्ही. सुरंगीच्या फांदीचा भरवसा नसतो. पाय घसरून हात मोडलेली माणसं आमच्या वाडीत आहेत.
वळेसर बांधून झाले की एसटीने सावंतवाडीला, काही गोव्याला म्हापशाच्या बाजारात. शिल्लक कळ्या वाळवून वजनावर जायच्या, अत्तरासाठी नेतात म्हणे व्यापारी.
मुंबईत सुरंगी दिसली की मी भाव करत नाही. झाडावर कोण चढलं असेल ते मला माहीत आहे.

फोंड्याची सून
वेंगुर्लेकर, अगदी अगदी! माझं माहेर नाशिक, लग्नापर्यंत सुरंगी ऐकूनही माहीत नव्हती. पहिल्या चैत्रात सासूबाईंनी वळेसर हातात दिला तेव्हा मला वाटलं सुकलेली फुलं आहेत, पिवळट तपकिरी. केसात माळला आणि दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यालाही वास. सुकला तरी वास जात नाही हे तिचं वैशिष्ट्य. मी साडीच्या कपाटात ठेवते.

विक्रमगड
धागा वाचतोय. मी लिहीत नाही सहसा. आमच्या विक्रमगड, जव्हार, मोखाडा भागातून आता दादरला बराच मोगरा जातो, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.
आमच्याकडे पावसाळ्यात भात, नागली. दिवाळी झाली की गावं रिकामी व्हायची, सगळे वीटभट्टीवर. मीही लहानपणी भट्टीवरच होतो, शाळा तिथेच सुटली, नंतर पुन्हा धरली. गावातल्या काही जणांनी मोगरा लावला तेव्हा लोक म्हणाले, फुलं खाणार काय. पण मोगऱ्याला जमीन थोडी पुरते, पाणी मात्र उन्हाळ्यात हवं. विहीर नाहीतर बोअर असेल त्यालाच जमतं. आम्ही लावला. आता आई-बाबा घरी असतात, भाऊबहीण शाळेत आहेत.
पहाटे सगळं घर खुडायला. सूर्य वर आला की कळी हलकी पडते. पिशव्या भरून गाडीत, गाडी दादरला. लग्नाची तिथी असेल तर भाव चढतो, सगळीकडून एकदम माल आला तर इतका उतरतो की खुडणाऱ्याची मजुरी सुटत नाही. तेव्हा मन खट्टू होतं. गजऱ्याला दहा रुपये जास्त सांगितले तर लगेच पुढे जाऊ नका एवढंच सांगायचं होतं.

परळची पोर
विक्रमगड, लिहीत नाही म्हणता आणि धाग्यातलं सगळ्यात मोलाचं तुम्हीच लिहिलंत. शाळा पुन्हा धरलीत हे वाचून फार बरं वाटलं.

वाडीवाला
+1. आणि भाऊ, कळीत अळी होते त्याला काय करता? आमच्याकडे कळी जांभळट पडून गळते.

विक्रमगड
तीच, कळी पोखरणारी. किडलेल्या कळ्या वेचून वाडीबाहेर टाकायच्या, झाडाखाली पडू द्यायच्या नाहीत. लवकर लक्ष दिलं तर आटोक्यात राहते. जास्त असेल तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला कळी दाखवून मगच फवारा.

करवीरची
कोल्हापूरला चैत्राचा वास म्हणजे दवणा! फूल नव्हे, पण फुलांच्याच पाट्यांवर येतो म्हणून लिहिते. जोतिबाच्या यात्रेला दवणा वाहतात, चैत्र पौर्णिमेच्या आधी बाजारात जुड्याच जुड्या. आमचे आजोबा सासनकाठीबरोबर डोंगरावर जायचे, येताना गुलालाने माखलेले आणि खिशात दवण्याची काडी. ती काडी आम्ही वहीत ठेवायचो.

आणखी एक लिहायचं होतं, लिहू की नको करत होते. बाबा गेले तेव्हा आई चाळिशीतली. मोगऱ्याची तिला अतोनात आवड, पण तेव्हापासून गजरा बंद. वाटीत पाणी घालून चार फुलं टेबलावर ठेवायची, तेवढंच. 2022 ला आमच्या जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. पेपरमध्ये मोठी बातमी होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. आई काही बोलली नाही. त्याच आठवड्यात बाजारातून येताना मोगरा घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, पिन लाव नीट, घसरतोय. शेजारणी बघत होत्या. बघू देत. आता दर उन्हाळ्यात माळते.

फोंड्याची सून
करवीरची, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग ❤️

मंडईजवळ
डोळे भरून आले गं. आमच्या जाऊबाईंना दाखवते हे. दीर गेल्यापासून त्या हळदीकुंकवालाही येत नाहीत. यंदा चैत्रगौरीला मी स्वतः जाऊन घेऊन येणार आहे, डाळ आणि पन्हं आहेच, गजराही देणार.

निवांत दुपार
मंडईजवळ, पन्ह्याला कैरी उकडून की किसून? आमच्यात यावरून वाद आहेत

मंडईजवळ
उकडून, गूळ, वेलची आणि किंचित मीठ. केशर असेल तर. साखर घालू नका कृपया.

नागपूरचा उन्हाळा
किसून. आणि साखर. (पळतो) 🏃

माटुंगा रोड
आमच्याकडे किंग्ज सर्कलला देवळाबाहेर मोगरा बाराही महिने दिसतो, दक्षिणेतून येतो. पण एप्रिलमधला वेगळाच, घट्ट आणि गच्च बांधलेला. सुईने ओवत नाहीत, बोटांनी दोऱ्यात गाठ मारत जातात, आणि हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक माप. लहानपणी मी लांब हाताच्या काकांकडूनच घ्यायची, जास्त मिळावा म्हणून 😄 ते काका माझा डाव ओळखून वर आणखी वीतभर द्यायचे.

मनिलाहून
इथे नोकरीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सिग्नलला एक मुलगी गाडीच्या काचेशी पांढऱ्या माळा घेऊन आली. काच खाली केली आणि आपला मोगराच! इथे साम्पागिता म्हणतात, 1934 पासून फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल आहे. चर्चच्या दाराशी विकतात, लोक मूर्तींना घालतात, पाहुण्याच्या गळ्यातही. मी घेऊन घरच्या गणपतीला घातली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, मग तिथे तुला काही कमी नाही.

निवांत दुपार
किती छान! मोगरा माठात टाकतं का कुणी अजून? आमची आजी वाळा आणि मोगरा दोन्ही टाकायची.

वाडीवाला
वाळा टाका. मोगरा घरच्या झाडाचा असेल तरच. बाजारच्या फुलांवर फवारणी झालेली असते, ती पिण्याच्या पाण्यात नको. आम्ही स्वतः पिकवतो म्हणून कळकळीने सांगतो.

मंडईजवळ
बरोबर. आणि गजरा टिकवायचा तर पाण्यात बुडवू नका, फुलं लगेच तपकिरी होतात. ओल्या सुती रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण, फ्रिजमध्ये.

नागपूरचा उन्हाळा
झाकण घट्टच लावा हो. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात दह्याला मोगऱ्याचा वास आला आणि वडिलांनी ते वाटीभर आवडीने खाल्लं, वर विचारलं कुठलं दही आहे.

करवीरची
😂😂

फोंड्याची सून
ओवायला दोरा कोणता वापरता? साध्या शिवणाच्या दोऱ्याने माझ्या कळ्या चिरतात.

परळची पोर
आई केळीच्या सोपाचा धागा वापरायची. वाळवलेला सोप पाण्यात भिजवून बारीक फाडायचा, ओला असतानाच बांधायचा. कळी चिरत नाही आणि गारवा धरून ठेवतो. तुमच्याकडे गोव्यात तर केळी घरोघरी. सुईनेच ओवायचं असेल तर जाड सुती दोरा, आणि सुई देठातून घाला, कळीतून नको.

निवांत दुपार
शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. गॅलरीत मोगरा आहे, पानं भरपूर, कळी एक नाही. ऊन सकाळी असतं.

विक्रमगड
किती तास ऊन? चार-पाच तास तरी थेट मिळायला हवं. आणि पाणी वर्षभर रोज घालता ना? झाडाला ताण द्यावा लागतो. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची. जानेवारीत फांद्या छाटायच्या, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. नवीन फुटव्यावर कळी येते, महिना-दीड महिन्यात दिसायला लागेल. यंदासाठी आत्ता शेंडे थोडे खुडा, कुंडी उन्हात सरकवा, दोन पाण्यांमध्ये माती वाळू द्या.

निवांत दुपार
कुंडी जड आहे, नवरा घरी आला की सरकवतो. फोटो टाकते.