दहा सेकंदांचा ‘दंड’ की ‘शिक्षा’?

राजारामपुरी:
इथल्या कार्टिंग ट्रॅकवर (छोट्या रेसिंग गाड्यांच्या) येणाऱ्या मुलांसाठी नियमांचं मराठी पत्रक करतेय. ‘पेनल्टी’ला ‘दंड’ लिहिलं, तर एका मुलाचे वडील लगेच म्हणाले, “किती रुपये?” ‘शिक्षा’ लिहावं तर दहा वर्षांच्या पोरासाठी जड वाटतं. काय लिहू?

मंगळवारपेठ:
पेनल्टीच लिवा की ताई. सगळ्यास्नी कळतंय.

शाहूपुरी:
तिथंच घोळ होतो दादा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅची बघत वाढलेल्या पोराला पेनल्टी म्हणजे गोलासमोरची किक.

कागलकर:
‘दंड’ भरला की माणूस मोकळा. 2021 ला सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत हॅमिल्टनच्या गाडीचा धक्का लागून व्हर्स्टापनची गाडी टायरच्या भिंतीवर आदळली, तो थेट दवाखान्यात. हॅमिल्टननं पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, दहा सेकंद थांबून दंड भरला आणि शर्यतही जिंकली. मला ते आजही पटत नाही. म्हणून ‘शिक्षा’च लिहा.

शाहूपुरी:
पण कुणाला किती लागलं यावर मोजायला गेलात तर ती ‘भरपाई’ झाली. पंचांनी चूक मोजायची. त्याच वर्षी कतारला पात्रता फेरीत पिवळ्या बावट्याला वेग कमी केला नाही म्हणून व्हर्स्टापन शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत पाच जागा मागं गेला, बोटास नावाचा दुसरा ड्रायव्हर तीन जागा. व्हर्स्टापनला बावटे दोन होते, दुसऱ्याला एक. कुणाला खरचटलंही नव्हतं. मुलांना हा हिशेब समजला पाहिजे, शब्द कुठलाही घ्या.

रंकाळा:
तालमीतला शब्द का विसरता? पंच आधी ‘ताकीद’ देतात. फॉर्म्युला वनमधला काळा-पांढरा तिरका बावटा म्हणजे ताकीदच.

राजारामपुरी:
ताकीद घेतली! पण त्यापुढच्या पायरीला काय?

जुनी मराठी:
‘दंड’च. मूळ अर्थ काठी, दंडुका त्यातलाच. पैशाचा अर्थ मागाहून चिकटला. त्या वडिलांसाठी शब्द सोडू नका.

मंगळवारपेठ:
काठी म्हटल्यावर पोरं ट्रॅकवर येतील व्हय?

कागलकर:
आमच्यात दंड म्हणजे उसाला पाणी न्यायची चर. “दंड फुटला” म्हटलं की खोरं घेऊन पळायचं.

रंकाळा:
आणि लुगड्याचा दंड? आजी विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडायची, त्या शिवणीला दंड म्हणायची. हा त्याच काठीतला की वेगळा?

जुनी मराठी:
कागलकर, चरीचा दंड पाटापेक्षा लहान ना? आमच्याकडं सांगलीत उलट सांगतात.