‘पोतदार’ : आडनाव की हुद्दा?

प्रश्न : आमचे आडनाव पोतदार. धान्याची पोती सांभाळणारा तो पोतदार, अशी आमच्या घरातील समजूत आहे. घराण्याचा शोध घेताना एका मोडी कागदात कोणा गृहस्थाच्या नावापुढे ‘पोतदार मौजे मजकूर’ असे शब्द वाचून मिळाले. शब्दाचा खरा अर्थ कोणता, आणि हे गृहस्थ आमचे पूर्वज मानावेत काय?

उत्तर : धान्याची गोणी या अर्थाचे ‘पोते’ आज आपल्या तोंडी आहे, त्यामुळे घरातील समजूत स्वाभाविक आहे, परंतु ‘पोतदार’ या शब्दातील ‘पोत’ फारसी ‘फोता’ म्हणजे पैशाची थैली, खजिना या शब्दापासून आलेला आहे. फोतेदार, फोतदार, पोतदार अशी त्याची रूपे होत गेली, आणि उत्तरेकडील ‘पोद्दार’ हेही त्याच मुळाचे. ‘पोतनीस’मध्ये हाच ‘पोत’ आहे. पुढचा ‘नीस’ म्हणजे ‘नवीस’, लिहिणारा. चिटणीस, पारसनीस, फडणीस यांतील शेवटही तोच आहे. (‘फडणीस’चा पूर्वार्ध काही जण ‘फर्द’ म्हणजे यादी या शब्दाकडे नेतात, तर काही ‘फड’ म्हणजे कचेरी या शब्दाकडे.)

गावगाड्यातील पोतदाराचे काम नाणी पारखण्याचे. अंकुशी, चांदवडी, मलकापुरी असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत असत, प्रत्येकाचा बट्टा (बदलून घेताना किमतीत होणारी कपात) वेगळा असे, आणि वसुलात आलेला रुपया खरा की खोटा, वजनाला पुरा की झिजलेला, हे ठरविल्याशिवाय तो सरकारात भरता येत नसे. हे काम बहुधा सोनाराकडे असे. सरकारी खजिन्यावरील पोतदार मात्र वेगळ्या जातीचाही असू शके. त्यामुळे आज पोतदार आडनावाची घराणी अनेक जातींत आढळतात, आणि केवळ आडनाव एक म्हणून त्यांचा मूळ पुरुष एक मानणे चुकीचे ठरते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘मौजे मजकूर’ या दोन शब्दांत दडलेले आहे. ‘मजकूर’ हा शब्द आपण आज ‘लिहिलेला भाग’ या अर्थाने वापरतो. जुन्या कागदात त्याचा अर्थ ‘वर उल्लेखिलेला’ असा असतो. म्हणजे ‘पोतदार मौजे मजकूर’ याचा सरळ अर्थ ‘याच गावचा पोतदार’ असा होतो. येथे ‘पोतदार’ हा हुद्दा आहे, आडनाव नव्हे. हुद्द्याचे आडनाव पुढे झाले असेलही, पण तो निष्कर्ष या एका ओळीवरून काढता येणार नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे नाना फडणवीसांच्या उदाहरणावरून कळते. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू. फडणवीशी हा अधिकार. पेशव्यांचे आडनावही पेशवे नव्हते, भट होते. जो वाचक कागदात ‘फडणीस’ एवढाच शब्द शोधील, त्याला ‘बाळाजी जनार्दन’ एवढेच नाव असलेली पत्रे दिसूनही दिसणार नाहीत. म्हणून आडनावापेक्षा बापलेकांची जोडी शोधावी, असा माझा आग्रह आहे. ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दांनी मुलाचे नाव बापाच्या नावाशी जोडलेले असते. ब्राह्मणी नावांत पुष्कळदा मध्ये काहीच नसते, वडिलांचे नाव थेट पुढे येते. अशा दोन-तीन जोड्या एकाच गावात, एकाच वतनावर (वंशपरंपरागत हक्कावर), ओळीने मिळाल्या, तर वंशाचा धागा हाती आला असे म्हणता येईल.

प्रश्न : त्याच कागदावर ‘सुहूर सन इहिदे अर्बैन मया व अलफ’ असे आहे. हे कोणते वर्ष?

उत्तर : सुहूर सन ही मराठी कागदांतील एक जुनी कालगणना. तिचे हे अरबी संख्याशब्द एककापासून उलट क्रमाने वाचायचे : इहिदे एक, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे सुहूर सन 1141. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. कागद जून ते डिसेंबरमधील असल्यास 599 मिळवावे, जानेवारी ते मेमधील असल्यास 600, म्हणजे इ.स. 1740–41. तिथीच्या जागी ‘छ’ अक्षर असेल तर तो ‘चंद्र’चा संक्षेप समजावा, त्यापुढे चांद्रमासाचा दिवस आणि मोहरम, सफर, रमजान यांपैकी महिन्याचे नाव येते.

यापुढे पुणे अभिलेखागारातील इनाम कमिशनची कागदपत्रे पाहावीत. 1852 च्या कायद्यानंतर इनामांच्या हक्कांची चौकशी झाली, तेव्हा वतनदारांनी आपला हक्क पिढ्यांसह मांडला होता. तुमच्या घराण्याकडे वतन असेल तर त्या कैफियतीत नावे सापडण्याचा संभव आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. तेथे यात्रेकरूंच्या नावनोंदी गावावरून व कुळावरून ठेवलेल्या असतात, म्हणून विचारताना आडनावाच्या आधी मूळ गावाचे नाव सांगावे. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. तेव्हा पुढच्या वेळी केवळ तो शब्द नव्हे, तर त्याच्या मागच्या-पुढच्या दोन ओळी जशाच्या तशा उतरवून येथे द्याव्यात.