मुलगा म्हणतो युनिव्हर्सिटी नको, आउसबिल्डुंग करतो

नमस्कार मंडळी,

घरात महिनाभर एकच वाद चालू आहे, म्हणून आपल्या जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या लिस्टवर टाकते. थोरला रेआलशूलेत (दहावीपर्यंतच्या माध्यमिक शाळेत) दहावीला आहे, मार्क बरे आहेत. पुढे तीन वर्षं बेरुफ्लिखेस गिम्नाझियुम (व्यवसायाकडे झुकलेली वरची शाळा), मग आबिटूर (युनिव्हर्सिटीला लागणारी शाळेची शेवटची परीक्षा), मग इंजिनिअरिंग असं आम्ही धरून चाललो होतो. त्यानं परस्पर मेकाट्रोनिकरच्या (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही सांभाळणाऱ्या कारागिराच्या) आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे कंपनीत काम करत घ्यायच्या पगारी प्रशिक्षणासाठी, अर्ज टाकला आणि एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलंसुद्धा. हे म्हणतात, "आईबाप दोघं इंजिनिअर आणि पोरगा फिटर?" साताऱ्याला सासूबाईंच्या कानावर अजून घातलेलं नाही.

इथे शिक्षणाला फी नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. डिग्री नसली तर पुढे अडतं का, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

शुभांगी, बोब्लिंगेन

---

शुभांगीताई,

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या कंपनीच्या डेव्हलपमेंट विभागात डिग्री नसलेला माणूस कामाला कितीही तरबेज असला तरी एका पायरीवर थांबतो. त्याच्याकडून शिकलेली पोरं त्याच्या डोक्यावर साहेब म्हणून येतात. सोळाव्या वर्षी मुलाला काय कळतंय? आबिटूर होऊ दे, मग काय हवं ते कर म्हणावं. आपण सगळे इथे आलो ते बी.ई.च्या कागदावर, हे विसरून चालणार नाही.

अविनाश, झिंडेलफिंगेन

---

मंडळी,

अविनाश, तुझं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण मी त्यातून उलटा अर्थ काढतो. आपण बी.ई.च्या कागदावर आलो कारण व्हिसा त्या कागदावर मिळत होता. ब्लू कार्डाला (उच्चशिक्षित परदेशी लोकांच्या कामाच्या परवान्याला) डिग्री लागते, आपलं कॉलेज अनाबिनच्या यादीत (परदेशी डिग्र्यांच्या जर्मन यादीत) एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का, हे पाहताना आपल्याला घाम फुटला होता. आपल्या डिग्रीच्या किमतीतला मोठा भाग हा होता. शुभांगीताईंच्या मुलाला जर्मनीत राहायला डिग्री लागत नाही. त्यामुळे त्याचा हिशेब आपल्या हिशेबावरून मांडता येणार नाही. (आणि आता आयटीवाल्यांना तर नोव्हेंबर २०२३पासून डिग्रीशिवाय, गेल्या सात वर्षांतल्या तीन वर्षांच्या अनुभवावरही ब्लू कार्ड मिळू शकतं. आपण पंचवीस वर्षं लवकर जन्मलो.)

मी प्लांटमध्ये काम करतो, लेअरवेर्कश्टाट (शिकाऊ मुलांचं वर्कशॉप) आमच्या शेजारच्याच हॉलमध्ये आहे, म्हणून हे थोडं आतून माहीत आहे. मेकाट्रोनिकरची आउसबिल्डुंग साडेतीन वर्षांची असते. कंपनीत काम आणि आठवड्यातून एकदोन दिवस किंवा सलग काही आठवडे बेरुफ्सशूले (व्यवसाय शाळा). शेवटी आयएचकेची (उद्योग आणि व्यापार मंडळाची) परीक्षा, आणि ती सोपी नसते. पगार पहिल्या दिवसापासून. २०२६मध्ये सुरू होणाऱ्यांना कायद्यानं पहिल्या वर्षी महिना किमान ७२४ युरो, आणि आमच्याकडे मेटल-इलेक्ट्रोच्या टारिफमध्ये (युनियनशी ठरलेल्या पगारश्रेणीत) बाराशेच्या पुढे. अठरा पूर्ण नसल्यामुळे करारावर तुमच्याही सह्या लागतील, म्हणजे तो "परस्पर" फार लांब जाऊ शकत नाही.

आता अविनाश म्हणतो ती पायरी. ती आहे, डेव्हलपमेंटमध्ये तर नक्कीच आहे. पण ती पोराला सोळाव्या वर्षीच चढायची नाही. आउसबिल्डुंग झाल्यावर आपल्या बाडेन-वुर्टेमबेर्गमध्ये एक वर्षाचं बेरुफ्सकोलेग असतं, बीकेएफएच म्हणतात. मिटलेरे राइफे (रेआलशूलेचं दहावीचं प्रमाणपत्र) आणि पूर्ण झालेली आउसबिल्डुंग एवढ्यावर तिथे जाता येतं, आणि वर्षभरात फाखहोखशूलराइफे हातात पडते. तिच्यावर फाखहोखशूलेत (प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थेत) इंजिनिअरिंग. तिथल्या पहिल्या सेमिस्टरमध्ये लेथचा आवाज कधी न ऐकलेल्या मुलांपेक्षा हा बराच पुढे असतो. दुसरी वाट टेखनिकर किंवा इंडुस्ट्रीमायस्टरची, म्हणजे आउसबिल्डुंगनंतरच्या वरच्या व्यावसायिक परीक्षांची. जर्मन पात्रता-चौकटीत हे दोन्ही पातळी सहावर, म्हणजे बॅचलरच्याच ओळीत बसतात, आणि मायस्टरला आबिटूर नसतानाही युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळू शकतो.

मला काळजी दुसरीच वाटते. शाळेतून तीन वर्षं पुढे गेलं की दारं उघडी राहतात, हे अविनाशचं म्हणणं बरोबर आहे. पण वाचनाला कंटाळलेल्या पोराला ढकलत आबिटूरपर्यंत नेलं तर तो तिथे पोचेलच असं नाही, आणि तोपर्यंत चांगल्या कंपनीतली ही जागा गेलेली असते. कंपनी कोणती हे डिग्री की आउसबिल्डुंग यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. मोठ्या कारखान्यातली लेअरवेर्कश्टाट वेगळी आणि चार माणसांच्या वर्कशॉपात तीन वर्षं झाडू मारत काढणं वेगळं. मुलाखतीला जाल तेव्हा विचारा: शिकवणारा पूर्ण वेळ आहे का, परीक्षेनंतर किती जणांना कायम ठेवता?

आणि हेही खरं की इंजिनिअर म्हणजे पक्की नोकरी हे दिवसही राहिले नाहीत. बॉशनं सप्टेंबर २०२५मध्ये आणखी १३,००० जागा कमी करायचं जाहीर केलं, त्यात ऑफिसं, डेव्हलपमेंट सगळं आलं. अशा वेळी पातळी सहाचा कागद कोणालाच तारत नाही.

प्रसाद, एस्लिंगेन

---

प्रसादकाका, शुभांगीमावशी,

मी फाखइन्फॉर्माटिकरची (आयटीची) आउसबिल्डुंग केली, आता एका छोट्या कंपनीत आहे. आबिटूर झाल्यावर केली, त्यामुळे आईबाबांचा धक्का जरा मऊ होता.

काकांनी छान बाजू लिहिली, मी कटकटीची लिहिते. सकाळी सातला कामावर. मैत्रिणी एरास्मुसवर (युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीवर) स्पेनला, मी बेरिख्ट्सहेफ्ट (कामाची नोंदवही) भरत बसलेली. ते आठवड्याच्या आठवड्याला भरावंच लागतं, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. सुट्ट्या नोकरदारासारख्या, शाळेसारख्या नाहीत. पहिल्या काही महिन्यांत प्रोबेत्साइट (चाचणीचा काळ) असतो, त्यात ते तुम्हाला काढू शकतात आणि तुम्हीही निघू शकता. आणि मराठी कार्यक्रमात "काय करतेस?" या प्रश्नानंतर काकू मंडळी गप्प होतात ती शांतता.

तरी मी पुन्हा हेच करीन. पण मला हे हवं होतं. त्याला मेकाट्रोनिकर हवंय की फक्त शाळा नकोय, हे आधी बघा. ईस्टरच्या सुट्टीत एक आठवडा प्राक्टिकुम (कंपनीत राहून कामाचा अनुभव) करायला लावा, लगेच कळतं.

ऋतुजा

---

विषय थोडा भरकटवतो, माफ करा. कोल्हापूरचा भाचा बारावी सायन्स झालाय. तिकडे एक एजंट "जर्मनीत आउसबिल्डुंग, कमवा आणि शिका" म्हणून काही लाख मागतोय. महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये बाडेन-वुर्टेमबेर्गशी करार केला त्याचंही नाव घेतोय. त्याला जाऊ द्यावं का?

संजय, लुडविग्सबुर्ग

---

संजय, तो करार खरा आहे, दहा हजार कुशल कामगारांबद्दलचा. पण एजंटचा आणि त्याचा संबंध काय, हे त्यालाच लेखी विचार. आउसबिल्डुंगचा करार कंपनी फुकट देते, जागेसाठी पैसे घेतले जात नाहीत. भाच्याला आधी जर्मन शिकायला लाव, व्हिसाला साधारण बी-वन (मध्यम पातळीचं जर्मन) लागतं आणि बेरुफ्सशूलेत तेही अपुरं पडतं. पगारात भागत नसेल तर उरलेली रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात) दाखवावी लागते. ती रक्कम त्याच्याच नावावर राहते, हे एजंट सांगत नाहीत.

त्याच्या बाबतीत मी शुभांगीताईंना दिलेला सल्ला देणार नाही. त्याचा व्हिसा त्या एका करारावर टांगलेला असेल. अडचण आली तर इथल्या मुलासारखं घरी जाऊन विचार करायला वेळ नसतो, दुसरी जागा शोधायची मुदत मोजकी मिळते. ऑफर लेटर आलं की मला पाठव, कंपनी बघतो.

प्रसाद

---

सगळ्यांचे आभार. ऋतुजा, प्राक्टिकुमची कल्पना आवडली, त्यालाही पटली. बीकेएफएचबद्दल ह्यांना अजिबात माहीत नव्हतं, परवापासून त्याच विषयावर वाचत बसलेत. प्रसाददादा, एक शंका. ही मुलाखत नाहीच जमली तर याच सप्टेंबरसाठी दुसरीकडे उशीर झालाय का?

शुभांगी

---

मोठ्या कंपन्या आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच जागा भरतात, तिथे बहुतेक उशीर झालाय. मध्यम कंपन्या उन्हाळ्यापर्यंत घेतात. आयएचकेच्या आउसबिल्डुंगच्या जागांच्या वेबसाइटवर पाहा आणि नुसता ईमेल टाकू नका, फोन करायला लावा. त्यालाच, तुम्ही नको.

प्रसाद