मदत हवी आहे: वडिलांच्या लेथला स्टेपर जोडले, एक्सची साइज काही केल्या बसेना

उद्यमनगर_ज्युनियर
नमस्कार मंडळी, कुणीतरी लवकर सांगा, आठ दिवस झाले अडकलोय. घरच्या लेथचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) करालोय, दोन्ही ॲक्सिसला स्टेपर, म्हणजे ठरावीक स्टेप्सनी फिरणाऱ्या मोटर बसवल्या, अर्डुइनो बोर्डवर जीआरबीएल हे मोटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, लॅपटॉपवरनं कमांड दिली की मशीन हालतंय, सगळं झालंय फक्त एक्सची (टूल आत-बाहेर नेणाऱ्या ॲक्सिसची) साइज बसत नाही. $१०० ची, म्हणजे एक्सला एका एमएमला किती स्टेप्स द्यायच्या त्या सेटिंगची, व्हॅल्यू किती ठेवायची एवढंच पाहिजे. पहिल्यांदा ६४० ठेवली होती, मग मोजून मोजून ६४४ केली, तरी एकीकडं जुळवलं की दुसरीकडं बिघडतंय. मित्राच्या सायकलच्या हबला बुश करून द्यायचेत, तो रोज फोन करालाय.

सातपूर_टूलरूम
अहो, लेथ कुठला, किती फुटी, मोटर कुठली, तिला करंट देणारा ड्रायव्हर कुठला, स्क्रू जुनाच आहे की बॉलस्क्रू (गोळ्यांवर फिरणारा) टाकला, कशाने मोजलं, यातलं एकही सांगितलं नाहीत. डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं. आधी हे लिहा.

भोसरी_सर्वो
जुन्या लीडस्क्रूवर सीएनसी होत नाही, स्पष्टच सांगतो. मी तीन मशीन केलीत. पहिल्याला मी पण पैसे वाचवायला गेलो आणि वर्ष घालवलं. एक्सला १६०५ बॉलस्क्रू, झेडला (लांबीच्या ॲक्सिसला) २५०५, दोन्हीला एसी सर्वो मोटर, मग बघ. स्टेपर काढून टाक.

पेंग्विन_पुणे
लेथला जीआरबीएल का वापरताय? त्यात डायमीटर मोड (आकडे व्यासात द्यायची सोय) नाही, आटे पाडायचं जी७६ नाही, बॅकलॅश, म्हणजे नटातली ढिल, भरून काढायचं कॉम्पेन्सेशनसुद्धा नाही. लिनक्ससीएनसी फुकट आहे आणि लेथसाठी सगळं आहे त्यात. मुळात ते अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत ९० च्या दशकात ईएमसी नावाने सुरू झालं, म्हणजे कुणी आठवड्याभरात लिहिलेलं खेळणं नाही. पॅरलल पोर्टवाला जुना पीसी जुन्या बाजारात अजून मिळतो, त्यावर मस्त चालतं.

उद्यमनगर_ज्युनियर
@सातपूर_टूलरूम काका सॉरी, घाईत लिहिलं. साडेचार फुटी लेथ, बाबांचं वर्कशॉप होतं, पाच वर्षांपूर्वी बंद केलं, मशीन तेवढं ठेवलंय. स्क्रू जुनेच. एक्सला नेमा ३४ मोटर डायरेक्ट कपलिंगने, ड्रायव्हर टीबी६६००, मायक्रोस्टेप ८. एक्सच्या स्क्रूचं पिच (एका फेरीला सरकणं) अडीच एमएम आहे म्हणून मोटरच्या एका फेरीचे २०० स्टेप्स गुणिले ८ भागिले २.५ असं ६४० काढलं होतं. डिजिटल व्हर्नियरने मोजलं.
@भोसरी_सर्वो दादा तेवढं बजेट नाही. @पेंग्विन_पुणे आटे नंतर बघू, मला आत्ता साइज पाहिजे.

सातपूर_टूलरूम
अडीच आहे हे कुणी सांगितलं? मोजलंत, की मशीनच्या प्लेटवर लिहिलंय? आणि "जुळवलं की बिघडतं" म्हणजे नेमकं काय, १० ची कमांड दिली तर किती सरकतं आणि ४० ची दिली तर किती, ते आकडे लिहा. आकड्याशिवाय इथं सगळे अंदाजच बांधत बसतील.

नवशिक्या_नागपूर
याच धाग्यात विचारतो, माझ्या थ्रीडी प्रिंटरला लेसर लावायचा आहे, ५ वॅट चालेल का? ॲक्रिलिक कापायचं आहे.

बेळगाव_फाउंड्री
साडेचार फुटी लेथ वाचून जुने दिवस आठवले. आमच्याकडं हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा टर्नमास्टर लेथ होता, हेडस्टॉकचा आवाज असा की डोळे मिटून सांगावं कुठला गिअर टाकलाय. आमच्या भागाला लोखंडाचं वेड जुनं, किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ ला बेळगावातच झाला. जुनं बीडाचं बेड फेकू नका पोरांनो, त्या वजनाचं मशीन आज घ्यायला गेलात तर किंमत ऐकून परत याल.

पेंग्विन_पुणे
@नवशिक्या_नागपूर निळ्या डायोड लेसरने पारदर्शक ॲक्रिलिक कापलं जात नाही, उजेड आरपार जातो. काळं पातळ असेल तर जमेल. त्याला सीओटू लागतो. आणि डोळ्याला त्याच वेव्हलेंग्थचा चष्मा, त्यात काटकसर नको. वेगळा धागा काढा.

उद्यमनगर_ज्युनियर
६४४ ठेवून आकडे: १० ची कमांड दिली की बरोबर १०.०० सरकतं. ४० ची दिली की ४०.६७. प्रत्येक वेळी आधी टूल बाहेर घेऊन झीरो करतो आणि तिथनं आत जातो. तीन तीनदा मोजलंय. ४० ला जुळवायला ६३३ च्या आसपास आणलं की १० ला ९.८३ येतंय. पिच बाबांनी कधीतरी सांगितलेलं असं वाटतंय, नक्की आठवत नाही.

भोसरी_सर्वो
बघा, म्हणजे स्क्रू झिजलाय, मधे एक पिच आणि कडेला दुसरं. मी म्हणत होतो तेच. बॉलस्क्रू.

आयटीआय_मास्तर
झिजलेला असेलही, पण हे आकडे तसं सांगत नाहीत. जरा थांबा, वही काढा.

१० आणि ४० यातला फरक ३०. मशीन मात्र ४०.६७ वजा १०.०० म्हणजे ३०.६७ चाललं. फरक घेतला की बॅकलॅश दोन्हीकडून कटतो, कारण तो दोन्ही वेळी तेवढाच खाल्ला जातो. म्हणजे मशीन कमांडच्या १.०२२३ पट चालतंय. ६४४ ला त्याने भागा, ६२९.९ येतात. १६०० ला ६२९.९ ने भागा, २.५४ येतात. अडीच नाही, २.५४! तुमच्या क्रॉस स्लाइडच्या, म्हणजे एक्सच्या, स्क्रूला इंचाला दहा आटे आहेत, स्क्रू इंची आहे.

आता उरलेलं. १० गुणिले १.०२२३ म्हणजे १०.२२ जायला हवं होतं, गेलं १०.००. मधले ०.२२ नटातली ढिलाई. तुम्ही टूल बाहेर घेऊन झीरो केलंत, मग उलट्या दिशेने आत आलात, तेव्हा मोटर आधी ती ढिल काढते आणि मग स्लाइड हलते. तुम्ही ती ढिल स्टेप्स वाढवून भरून काढलीत. १० ला बरोबर बसली, ४० ला अंगावर आली. दोन वेगळे रोग, औषध एकच देत होतात.

$१०० ला ६२९.९२१ टाका आणि त्याला परत हात लावू नका. स्क्रूच्या पिचवरून हा आकडा हिशोबाने काढायचा असतो, व्हर्नियरने मोजून जुळवायचा नसतो. मोजायचं ते फक्त हिशोब बरोबर आहे का हे तपासायला, तेही नेहमी एकाच दिशेने जाऊन.

क्रॉस स्लाइडचं जुनं डायल कुठं आहे? त्याच्यावर किती घरं आहेत मोजा. १०० असतील तर माझं बरोबर, एक घर म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

उद्यमनगर_ज्युनियर
मास्तर, अंगावर काटा आला वाचून. डायल मोटर बसवताना काढलेलं, फेकलं नव्हतं, बाबांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या ड्रिल बिटांच्या खाली सापडलं. रॉकेलने पुसलं तर १०० घरं, आणि कडेला बारीक अक्षरात .००१ कोरलंय. बाबांना दाखवलं तर म्हणाले हे मशीन पहिल्यापासनं इंचीच आहे, मला विचारायचं नाहीस का. आम्ही सुतात (इंचाचा आठवा भाग) आणि थाउत (इंचाचा हजारावा) काम करायचो म्हणाले. एवढे दिवस ते शेजारच्या खोलीत होते आणि मी नेटवर शोधालोय.

आयटीआय_मास्तर
वडिलांना झेडच्या लीडस्क्रूचंही विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लेथवर तो इंचाला चार आट्यांचा असतो. चेंज गिअरच्या (आटे पाडताना बदलायच्या गिअरच्या) सेटमध्ये १२७ दातांचा गिअर असेल तर शक्यता आणखी वाढते. २५.४ ला ५ ने गुणलं की १२७, इंची स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला तो गिअर देतात.

भोसरी_सर्वो
मास्तरांचा हिशोब मान्य, मी झीज म्हणालो ते चुकलं. पण ०.२२ ढिल घेऊन काम काय करणार? जीआरबीएलमध्ये कॉम्पेन्सेशन नाही. गोलाई फिरवताना दिशा बदलली की खाच पडणारच.

आयटीआय_मास्तर
गोलाईला पडेल, मान्य. पण साध्या टर्निंगला आणि बुशला नाही. याच स्क्रूवर माणसांनी आयुष्यभर बेअरिंगचे फिट काढलेत, कसे? हात मागे गेला की एक फेरी जास्त मागे घ्यायची आणि परत पुढे येत साइजवर थांबायचं. प्रोग्रॅममध्ये तेच लिहायचं, एक्स बाहेर काढताना १ एमएम जास्त काढा, मग आत येऊन साइज. आणि आधी नट बघा. पुष्कळ मशीनला नट दोन तुकड्यांचा असतो, मधला स्क्रू किंवा पाचर आवळली की निम्मी ढिल जाते. जिबची पट्टीही (स्लाइडची बाजूची ढिल काढणारी) तपासा. बॉलस्क्रू चांगलाच, पण १६०५ चा नट २८ एमएमचा आणि फ्लँज ४८ चा, तो या क्रॉस स्लाइडखाली बसवायला सॅडल खोदावी लागेल. वडिलांच्या मशीनवर तो प्रयोग पहिल्याच महिन्यात नको.

पेंग्विन_पुणे
कॉम्पेन्सेशन लिनक्ससीएनसीत आहे हे परत एकदा सांगतो :) आणि स्पिंडलला इंडेक्स पल्सवाला एन्कोडर (फेरी मोजणारा सेन्सर, आटे पाडायला लागतो) आत्ताच बसवून ठेवा, नंतर हेडस्टॉकचं कव्हर परत उघडावं लागेल.

उद्यमनगर_ज्युनियर
६२९.९२१ टाकलं. नट दोन तुकड्यांचाच निघाला, बाबांनी स्वतः स्टुलावर बसून आवळला, बोटांनी हँडल हलवत हलवत, आता डायल गेजवर ढिल ०.०८ दिसते. १०, २०, ४० सगळं जुळालंय.

पण आता दुसरंच. बुश करायला घेतले, पहिला २४.०१ आला, दुसरा २४.०७, पाचव्याला २४.३०. सारखी साइज वाढत चाललीय. परत $१०० का?

सातपूर_टूलरूम
$१०० ला हात लावू नका म्हणून मास्तरांनी सांगितलंय ना. दर जॉबला साइज सरकते म्हणजे एकतर कपलिंग घसरतंय किंवा स्टेप्स हरवताहेत. मार्कर घ्या. मोटरची शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू तिन्हीवरून सरळ एक रेघ मारा, आणि दुसरी रेघ मोटरच्या बॉडीवर, शाफ्टवरच्या रेघेसमोर. टूल न लावता पाच जॉबचा प्रोग्रॅम हवेत चालवा आणि सुरुवातीच्या जागी परत आणा. कपलिंगवरची रेघ तुटली तर ग्रब स्क्रू ढिला. ती अखंड राहिली पण बॉडीवरच्या रेघेसमोर आली नाही तर स्टेप्स गेल्या. आणि रॅपिड (न कापता सरकायचा कमाल वेग) किती ठेवलंय?

उद्यमनगर_ज्युनियर
रेघ अखंड आहे पण बॉडीवरच्या रेघेपासनं बोटभर लांब थांबली. $११० मध्ये २००० आहे.

सातपूर_टूलरूम
मग झालं. २००० भागिले २.५४ म्हणजे मोटर ७८७ आरपीएमने फिरवताय. नेमा ३४ मोठी मोटर, तिला सहा अँपिअरच्या आसपास लागतात, टीबी६६०० वर ४ लिहिलेलं असतं. स्टेपरचा जोर वेगाबरोबर कमी होत जातो, तिथं त्याच्यात काही दम उरत नाही. ६०० करा, म्हणजे २३६ आरपीएम. ॲक्सिलरेशन, $१२०, निम्मं करा. पैसे जमले की पहिला खर्च ८६० जातीचा ड्रायव्हर आणि त्याला साजेसा पॉवर सप्लाय. ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, त्या क्षणी ड्रायव्हर जातो.

आयटीआय_मास्तर
आणि इमर्जन्सी स्विच कुठं जोडलाय ते कुणीच विचारलं नाही.

उद्यमनगर_ज्युनियर
अर्डुइनोच्या रिसेट पिनला. चालतंय की, दाबलं की थांबतं.

आयटीआय_मास्तर
ते चालत नाही. लॅपटॉप हँग झाला, यूएसबी निघाली, अर्डुइनो अडकला की तो स्विच नुसतं लाल बटण आहे. आणि त्याने चक थांबतच नाही, फक्त ॲक्सिस थांबतात. स्पिंडलच्या मोटरचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि ड्रायव्हरचा पॉवर सप्लाय दोन्ही इमर्जन्सीच्या नॉर्मली क्लोज्ड (न दाबता जोडलेल्या) कॉन्टॅक्टमधून न्या, वायर तुटली तरी मशीन बंद पडलं पाहिजे. मी वर्गात लेथच्या चकने फुल शर्टची बाही ओढलेली पाहिली आहे. मशीन हाताने चालत होतं, मुलाने हँडल सोडलं आणि पायाचा ब्रेक दाबला म्हणून वाचला. तुमच्या मशीनवर आता हँडल धरायला माणूसच नाही. हे झाल्याशिवाय पुढचा बुश करू नका.

भोसरी_सर्वो
याला शंभर टक्के सहमत. आणि चकसमोर पॉलीकार्बोनेटचा गार्ड लावा, ॲक्रिलिक नको, ते तडकतं.

बेळगाव_फाउंड्री
बरं वाटलं बघा पोराचं काम. १९५२ ला एमआयटीत पहिलं एनसी मशीन दाखवलं तेसुद्धा सिनसिनाटीच्या तयार मिलिंग मशीनला कंट्रोल जोडूनच केलेलं होतं. तुमचा मार्ग जुनाच आहे.

उद्यमनगर_ज्युनियर
इमर्जन्सी कॉन्टॅक्टरला घेतली, रिले आणि वायर धरून पूर्ण रविवार गेला. $११० ६०० आणि $१२० निम्मं. हवेत वीस जॉब चालवले, रेघ समोरासमोर. मग खरे आठ बुश काढले, सगळे २४.०० ते २४.०२ मध्ये, शेवटचा बाबांनी मायक्रोमीटरने मोजला आणि खिशात ठेवला, परत दिला नाही. मित्राला सात दिले, एक उद्या करतो.

झेडचं विचारलेलं, चार आटेच आहेत, १२७ चा गिअर पण सापडला. तिथं २० आणि ४० दातांच्या पुली आहेत हे मी आधी लिहिलं नव्हतं, म्हणून ३२०० भागिले ६.३५, $१०२ ला (झेडच्या स्टेप्सना) ५०३.९३७ टाकलं, बरोबर ना मास्तर?

आयटीआय_मास्तर
बरोबर. मोटरला २० ची आणि स्क्रूला ४० ची आहे ना, तेवढं बघून घ्या.

पेंग्विन_पुणे
आणि एन्कोडर?